ढोरगुंजेचे मूळ

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणारी सडक आणि निजामाच्या अमदानीत घातलेला मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग ज्या करमाडवरून जातात, तेथल्यासारख्या कोरडवाहू मुलखात बांधाच्या कडेला किंवा गावठाणातील पडक्या भिंतीलगत कोणी न लावता जे कमरेएवढे, धुरकट लवेचे झुडूप वाढते आणि ज्याची तांबडी फळे कागदासारख्या वेष्टनात दडलेली असतात, तीच अश्वगंधा. मराठीत आस्कंद किंवा ढोरगुंज. वांगे आणि मिरची यांच्याच कुळातील ही वनस्पती असली, तरी तिचे सारे महत्त्व फळात नसून मुळात आहे.

चरकसंहितेने बल्य आणि बृंहणीय, म्हणजे बळ देणाऱ्या आणि अंग भरून आणणाऱ्या, अशा दोन्ही गणांत तिला स्थान दिले आहे. दीर्घ आजारातून उठलेला मनुष्य, बाळंतीण, झोप हरपलेला वृद्ध यांच्यासाठी वैद्य क्षीरपाक सांगत: एक भाग मूळ, आठ भाग दूध आणि बत्तीस भाग पाणी एकत्र मंदाग्नीवर ठेवून केवळ दूध उरेपर्यंत आटवावयाचे. बाळगुटीत हेच मूळ वेखंड, हळकुंड, मुरडशेंग यांच्या पंक्तीला बसते आणि सहाणेवर दुधात त्याचे मोजके वेढे दिले जातात. तान्ह्याचे वय आणि प्रकृती पाहून एखादा वेढा वाढविणारी किंवा वगळणारी आजी मात्रेचा जो विवेक बाळगीत असे, तो मला या साऱ्या परंपरेतील सर्वांत मौल्यवान भाग वाटतो. प्रौढांसाठी चूर्णाची प्रचलित मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. तथापि गर्भवतीने, तसेच थायरॉइडचे किंवा यकृताचे दुखणे असलेल्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून ते मुळीच घेऊ नये.

बाजारात येणारा मोठा माल मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागातील लागवडीचा. पावसाळ्यात पेरून सुमारे पाच-सहा महिन्यांनी, पाने सुकू लागली की झाड समूळ उपटतात, मुळे छाटून वाळवितात आणि जाडीनुसार त्यांची प्रतवारी लावतात.

पानांचा रिवाज निराळा. ती वाटून, किंचित ऊन करून गळवावर आणि सुजेवर बांधीत. पोटात घेण्यास परंपरेने मुख्यतः मूळच नेमले होते. मूळ महाग आणि पाला स्वस्त, म्हणून पानांचा अर्क औषधांत मिसळू लागला, तेव्हा केंद्राच्या आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना दिली.