फोटो एडिटिंगचा संगणक : प्रोसेसर कधी बदलावा?

मागच्या आठवड्यात रॅम आणि एसएसडी झाले, आता प्रोसेसर. नेहमी आढळणारं उदाहरण घेऊ. बी४५० मदरबोर्ड, त्यावर २०१८ सालचा रायझन ५ २६००, १६ जीबी रॅम. कॅमेरा २४ऐवजी ४५ मेगापिक्सेलचा आला आणि लाइटरूम अडखळायला लागलं. अशा वेळी ‘सगळंच बदला’ हा सल्ला पहिल्यांदा मिळतो. माझं मत, आधी आपला वेळ नेमका कुठे जातोय ते बघा.

रॉ फाइल म्हणजे तयार फोटो नव्हे. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर असतो. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून काढावे लागतात. ४५ मेगापिक्सेल म्हणजे हा हिशेब साडेचार कोटी ठिकाणी.

लग्नाचे आठशे फोटो एक्स्पोर्टला लावले, की हे काम कोअरमध्ये वाटता येतं, कारण एका फोटोचं दुसऱ्यावाचून अडत नाही. स्लायडर सरकवताना मात्र समोर एकच फोटो असतो. तिथे कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती वेगवान, हे महत्त्वाचं. आणि २०२३ साली लाइटरूममध्ये आलेलं एआय डीनॉइज हे मुख्यतः ग्राफिक्स कार्डाचं काम. रात्रीचे कार्यक्रम किंवा जंगलातले प्राणी टिपणाऱ्यांचा वेळ तिथेच जातो. त्यांनी प्रोसेसरवर खर्च करून फारसं काही हाती लागणार नाही.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि एक्स्पोर्ट लावा. सीपीयू शंभर टक्क्यांना टेकून राहिला, तर प्रोसेसर बदलण्यात अर्थ आहे. सीपीयू निम्म्यावर आणि मेमरी काठोकाठ असेल, तर आधी रॅम ३२ जीबी करा. स्लायडर सरकवतानाचा एकूण आकडा मात्र फसवा असतो: बारा थ्रेडपैकी एकच पूर्ण दमला, तरी तो आठ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे पाहा.

प्रोसेसरच कमी पडतोय असं दिसलं, तर २६००वाल्यांचं नशीब चांगलं आहे. त्याच एएम४ सॉकेटमध्ये रायझन ७ ५७००एक्स बसतो: आठ कोअर, वीज तीच ६५ वॉटच्या वर्गातली. २६००मध्ये १६ एमबी एल३ कॅश दोन भागांत विभागलेली आहे. इथे ३२ एमबी आठही कोअरना मिळून वापरता येते. एएम५वर जायचं तर मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅमही नवी घ्यावी लागते. मी तो पैसा ग्राफिक्स कार्डात घालीन. विंडोज १०चा सपोर्ट संपला म्हणून घाई करणाऱ्यांसाठी एवढंच, की २६०० विंडोज ११ला चालतो.

बदलताना बायोस आधी अपडेट करा, तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नाहीतर नवा बसवल्यावर संगणक सुरूच होणार नाही. ५७००एक्ससोबत कूलर येत नाही, त्याचा खर्च धरा. जुनी थर्मल पेस्ट वाळलेली असते आणि कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून एखादा मोठा एक्स्पोर्ट चालवून तो गरम होऊ द्या, मग संगणक बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा, कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवा आणि सैल झाल्यावरच उचला.