पहिली लेन्स घेताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मौजे साखरा, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, असा ज्याचा पत्ता आहे अशा एखाद्या तरुणाने हळदीच्या किंवा सोयाबीनच्या पट्टीतून थोडी रक्कम बाजूला काढून आपला पहिला कॅमेरा विकत आणला, म्हणजे कॅमेऱ्याच्या पेटीपाठोपाठ उपदेशांचीही एक रास त्याच्या घरी येऊन पडते. कोणी म्हणतो, बरोबर आलेली लेन्स काढून ठेव, ती कामाची नाही. कोणी म्हणतो, पन्नासची घे, मनुष्याच्या डोळ्याला दिसते तसे तिच्यातून दिसते. आणि ज्याने हिंगोलीत वा नांदेडात एखाद्या लग्नात हातभर लांबीची लेन्स पाहिलेली असते, तो तिच्यावाचून या धंद्यात पाऊल टाकू नये असे निक्षून सांगतो. हे सांगणारे बहुधा हितचिंतकच असतात. तथापि ज्या घरात पुढच्या पेरणीचे बियाणे आणि लेन्स यांची तजवीज एकाच मिळकतीतून करावयाची असते, त्या घराला चुकीच्या सल्ल्याची झळ शहरातल्या हौशी मनुष्यापेक्षा फार अधिक पोचते. म्हणून या सल्ल्यांत खरे किती आणि ऐकीव किती याची छाननी थोड्या विस्ताराने करणे मला अगत्याचे वाटते.

छायाचित्रणाची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार तिच्या कार्यात सहभागी होते. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही गोध्र्याला छायाचित्रकाराचा व्यवसाय केला होता. त्या काळी साधन मिळणेच दुर्घट होते. आज साधने इतकी आहेत, की त्यांतून आपल्या ऐपतीचे आणि आपल्या कामाचे नेमके कोणते, हे ठरविणे दुर्घट झाले आहे.

सर्वांत रूढ आणि सर्वांत खर्चिक गैरसमज किट लेन्सविषयीचा आहे. नवशिक्याच्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची जी लेन्स येते, ती कंपनीने नाइलाजाने जोडून दिलेली दुय्यम वस्तू आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुस्थिती पाहण्यासाठी एखादे साधे मोजमाप घ्यावे. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २३ मिलिमीटर रुंद असतो. अशा कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटर लावून बारा फूट अंतरावर उभे राहिले, तर समोरची सुमारे पंधरा फूट रुंदी चित्रात मावते, आणि त्याच जागी ५० मिलिमीटर लावले तर जेमतेम साडेपाच फूट. खेड्यातल्या घराची ओसरी, हळदीच्या कार्यक्रमात पाटाभोवती दाटीवाटीने बसलेल्या बायका, शाळेच्या वर्गात तीन रांगांत उभी केलेली मुले, ही सारी कामे मागे सरकायला जागा नसलेल्या ठिकाणी करावी लागतात. आणि तेथे ती १८ मिलिमीटरची सोय म्हणजे काम होणे आणि न होणे यांमधला फरक असतो. हीच लेन्स ५५ वर फिरविली म्हणजे एका व्यक्तीचे छातीपर्यंतचे चित्र नीट येते, आणि सुमारे पाव मीटर अंतरापर्यंत ती फोकस करीत असल्यामुळे हातावरची मेंदी वा वाळत घातलेल्या हळकुंडांचा पोतही तिला टिपता येतो. छिद्र, म्हणजे ज्याला आपण ॲपर्चर म्हणतो ते, एफ ८ वर ठेवून दिवसाच्या प्रकाशात तिने औंढा नागनाथच्या मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे टिपली, तर त्या चित्रातली स्पष्टता तिच्या कित्येक पट किमतीच्या लेन्सपेक्षा सामान्य आकाराच्या छपाईत वेगळी ओळखू येणे कठीण. १९२५ साली जर्मनीत लायका कॅमेरा बाजारात आला आणि त्याने वृत्तछायाचित्रणाचे रूपच पालटले, तेव्हा त्याच्या लेन्सचे सर्वांत मोठे छिद्र एफ ३.५ होते, आणि ज्या फिल्मवर तो काम करीत असे ती आजच्या सेन्सरच्या मानाने अतिशय मंद होती. ज्या लेन्सला आपण कुचकामी म्हणून पेटीत टाकतो, ती १८ वर असताना तिचेही छिद्र एफ ३.५ इतकेच उघडते.

मग किट लेन्समध्ये उणीव नाहीच काय? आहे, आणि ती खरी आहे; ती प्रकाशाची. नाभीय अंतराला, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याला, छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे एफचा आकडा मिळतो. त्यामुळे आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. किट लेन्स ५५ वर नेली असता तिचे छिद्र एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, म्हणजे त्याचा व्यास सुमारे १० मिलिमीटर राहतो; ५० मिलिमीटर एफ १.८ च्या लेन्सच्या छिद्राचा व्यास मात्र सुमारे २८ मिलिमीटर असतो, आणि हिशेब केला तर सेन्सरवर जवळजवळ दहापट प्रकाश पडतो. जेथे किट लेन्सला सेकंदाचा पंधरावा भाग शटर उघडे ठेवावे लागते आणि नवरीचा हललेला हात पुसट येतो, तेथे या लेन्सला सेकंदाचा दीडशेवा भाग पुरतो आणि तोच हात स्थिर येतो. मराठवाड्यातले लग्न दिवसा लागायचे असले तरी वरात आणि हळद यांना अंधार पडतो, आणि मांडवातले दिवे रंगीबेरंगी पुष्कळ असले तरी प्रत्यक्ष प्रकाश बेताचाच असतो. म्हणून ही उणीव हौशी मनुष्याला जाणवली नाही तरी धंदा करणाऱ्याला पहिल्याच हंगामात जाणवते.

येथेच दुसरा गैरसमज पुढे येतो, आणि तो अर्धसत्य असल्यामुळे अधिक घातक आहे. पन्नास मिलिमीटरची लेन्स डोळ्यासारखे पाहते, हे वाक्य ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मच्या काळातले आहे, आणि त्या आकाराच्या सेन्सरवर ते आजही बऱ्याच अंशी खरे आहे; आंरी कार्तिए-ब्रेसाँसारख्या छायाचित्रकाराने आपले बहुतांश काम याच नाभीय अंतरावर केले. परंतु नवशिक्याच्या ऐपतीतले कॅमेरे बहुशः लहान सेन्सरचे, म्हणजे क्रॉप सेन्सरचे असतात; निकॉन आणि सोनीच्या अशा कॅमेऱ्यांवर दीडपट आणि कॅननच्या कॅमेऱ्यांवर १.६ पट असा गुणक धरला, तर तीच पन्नास मिलिमीटर ७५ किंवा ८० मिलिमीटरसारखी वागते. एकट्या व्यक्तीच्या चित्राला ती उत्तम. पण चार मीटर रुंदीचा कुटुंबाचा समूह तिच्यात बसवावयाचा तर सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फूट मागे जावे लागेल, आणि एवढे अंतर खेड्यातल्या किती अंगणांत सापडेल, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरापासून करावा. लहान सेन्सरवर जुन्या पन्नासचे काम करते ती ३५ मिलिमीटर. निकॉनची डीएक्स ३५ मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स २००९ पासून नेमक्या याच गरजेसाठी उपलब्ध आहे. किट लेन्स ३५ वर सुमारे एफ ४.५ पर्यंत उघडत असल्यामुळे येथे प्रकाशाचा लाभ दहापट नसून सुमारे सहापट आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तरी बारा फुटांवरून आठ फूट रुंदी मिळत असल्यामुळे माझ्या मते घरातल्या कार्यांना तीच अधिक उपयोगी. कॅननच्या जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी २४ मिलिमीटर एफ २.८ ही चपटी, हलकी लेन्स २०१४ पासून आहे. ती प्रकाशाच्या बाबतीत किट लेन्सच्या सुमारे दुप्पटच पुढे जाते, परंतु बारा फुटांवरून अकरा फूट रुंदी देते. ज्याला अंधाराशीच मुख्यतः झगडायचे आहे, त्याने कॅननवर पन्नासच घ्यावी आणि तिची मर्यादा ओळखून ती समूहासाठी वापरू नये.

जितका पल्ला मोठा तितकी लेन्स अष्टपैलू, ही समजूत दुकानाच्या काउंटरवर सर्वांत जास्त खपते. १८ ते १४०, १८ ते २००, १८ ते ३००, हे आकडे पाहिल्यावर एकाच खर्चात सगळी कामे उरकली असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ज्याला दिवसाउजेडी दिंडीबरोबर नर्सीला जावयाचे आहे किंवा हिंगोलीच्या दसऱ्याच्या गर्दीत लेन्स बदलीत बसणे शक्य नाही, त्याच्यासाठी तिचा उपयोग मी नाकारीत नाही. तथापि या लेन्स लांब टोकाला एफ ५.६ किंवा एफ ६.३ वर येऊन थांबतात. म्हणजे किट लेन्समध्ये जी एकमेव गंभीर उणीव होती, ती भरून निघण्याऐवजी तशीच राहते किंवा थोडी वाढते. वजनही दुपटीहून अधिक होते. येलदरीच्या जलाशयावर पक्षी टिपण्याची इच्छा असेल, तर त्या कामाला २०० मिलिमीटरही अपुरे पडते. तेथे निदान ३०० लागते आणि तो निराळाच खर्च आहे. अष्टपैलुत्व हे मिलिमीटरच्या आकड्यांत मोजावयाचे नसून, आपण प्रत्यक्ष करीत असलेल्या कामांपैकी किती कामे त्या लेन्सने निभावतात यावर ठरवावयाचे असते.

मोठे छिद्र म्हणजे धूसर पार्श्वभूमी आणि धूसर पार्श्वभूमी म्हणजे उत्तम चित्र, असाही एक समज मोबाइलच्या चित्रांमुळे दृढ झाला आहे. मोबाइलवर एफ १.८ असे लिहिलेले असते खरे, परंतु त्याचा सेन्सर इतका लहान असतो, की दूरच्या दृश्यात ते छिद्र स्वतःहून फारशी धूसरता निर्माण करू शकत नाही. ती पुष्कळदा गणिताने मागाहून घातलेली असते. कॅमेऱ्यावर मात्र ५० मिलिमीटर एफ १.८ वर, दीड मीटर अंतरावरून चित्र घेतले, तर सुस्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी सुमारे सहा सेंटिमीटरच असते. नवरा-नवरी शेजारी बसले आहेत आणि एकाचा चेहरा वीतभर मागे आहे, तर एकाचे डोळे स्पष्ट आणि दुसऱ्याचे पुसट आलेच म्हणून समजावे. घरच्यांनी आयुष्यभर जपून ठेवावयाच्या चित्रात असा दोष अक्षम्य होय. दोघे असतील तेथे एफ ४, समूह असेल तेथे एफ ५.६ किंवा एफ ८, आणि अंधार फारच असेल तर फ्लॅश छताकडे वळवून, हा शिरस्ता पाळलेला बरा.

लेन्समधल्या स्थिरीकरणाविषयी, ज्याला कॅनन आयएस आणि निकॉन व्हीआर म्हणते, थोडक्यात एवढेच, की ते छायाचित्रकाराच्या हाताचा कंप शोषून घेते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवीत नाही. स्थिर देवळासाठी ते उपकारक आहे. नाचत्या वऱ्हाड्यासाठी शटरच वेगवान हवे.

आता पैसे सरळ पाण्यात जाण्याचा जो मार्ग आहे, त्याकडे वळतो. कोणतीही लेन्स कोणत्याही कॅमेऱ्याला बसते, किंवा निदान एका कंपनीची लेन्स त्या कंपनीच्या सर्व कॅमेऱ्यांवर सारखीच चालते, हा समज निखालस चुकीचा आहे. निकॉनची जुन्या डी प्रकारची पन्नास मिलिमीटर लेन्स स्वस्तात मिळते म्हणून अनेक जण घेतात. परंतु तिच्यात फोकसची मोटर नसते, आणि डी ३५०० किंवा डी ५६०० यांसारख्या नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांतही ती नसते, त्यामुळे लेन्स बसते, चित्र निघते, पण फोकस दर वेळी हाताने करावा लागतो. या कॅमेऱ्यांसाठी एएफ-एस किंवा एएफ-पी असे लिहिलेली लेन्सच पाहावी. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ साली आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांची नवी माउंट, म्हणजे लेन्स बसविण्याची जोडणी, आणली, आरएफ आणि झेड. जुन्या लेन्स त्यांवर अडॅप्टरने चालू शकतात, पण अडॅप्टरची किंमत हिशेबात धरली पाहिजे, आणि उलट दिशेने, म्हणजे नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर, हा व्यवहार होत नाही. कॅमेऱ्याचे नाव आणि क्रमांक कागदावर लिहून घेऊनच दुकानात जावे.

जुनी लेन्स घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या फोर्टमधल्या बोरा बाजारापासून नांदेडच्या एखाद्या स्टुडिओपर्यंत वापरलेल्या लेन्स मिळतात, आणि नीट निवडल्यास मोठी बचत होते. झाकणे काढून एका बाजूने बॅटरीचा झोत टाकावा आणि दुसऱ्या बाजूने काचांतून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. चार धुलिकणांनी किंवा पुढच्या काचेवरच्या एखाद्या बारीक ओरखड्याने मात्र चित्रावर फारसा परिणाम होत नाही. पावसाळ्यात लेन्स कपड्यांच्या पेटीत वा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवण्याची जी रीत आहे, तीच बुरशीला आमंत्रण देते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवणे अल्प खर्चात होते.

तेव्हा ज्याच्या हाती आज किट लेन्ससह कॅमेरा आला आहे, त्याने एक लग्नसराई याच लेन्सवर काढावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर किती मिलिमीटरवर, कोणत्या छिद्राने आणि किती शटरने ते घेतले याची नोंद आपोआप ठेवतो. हंगाम सरल्यावर ती नोंद स्वस्थपणे वाचावी. बहुतेक चित्रे १८ ते २४ च्या दरम्यान घेतली असतील, तर पन्नास घेण्यात अर्थ नाही. बहुतेक ५५ ला टेकून थांबली असतील, तर ५५ ते २५० किंवा ७० ते ३०० यांसारख्या लांब पल्ल्याच्या लेन्सचा विचार व्हावा. आणि ३५ च्या आगेमागे घेतलेली, संध्याकाळची, हललेली चित्रे पुष्कळ निघाली, तर ३५ मिलिमीटर एफ १.८ घ्यावी. ही नोंद पाहिल्याशिवाय कोणीही दुकानदाराला विसार देऊ नये.