डोंगर सुटतो, शेजार सुटू नये!

शनिवारी दुपारी ओरायन मॉल सोडून काउन्सेलर मंडळींच्या लेक्चरला कोण बसेल? तेही विषय काय, तर अमेरिकेतल्या अपॅलेशियन डोंगरातली संस्कृती आणि काउन्सेलिंग! पण पनवेलच्या ट्रेकर्सनो, कधी असं आमंत्रण आलं तर नाही म्हणू नका. कारण ही गोष्ट सुरू होते तिकडे आणि येऊन पोहोचते थेट आपल्या इर्शाळगडावर.

अपॅलेशियन म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडची लांबलचक डोंगररांग. अरुंद दऱ्या, कोळशाच्या खाणी आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना धरून राहिलेली कुटुंबं. शहरातल्या लोकांनी त्यांना ‘हिलबिली’ म्हणत कायम हसण्यावारी नेलं. २६ फेब्रुवारी १९७२ला तिथल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, बफेलो क्रीकच्या दरीत, कोळसा कंपनीचा बांध फुटला. काळ्या पाण्याच्या लोंढ्यात १२५ माणसं गेली, चार हजारांहून जास्त बेघर झाली. सरकारने राहायला तात्पुरती घरं दिली खरी, पण ती वाटताना कोण कुणाचा शेजारी, हे काही पाहिलं नाही.

येल युनिव्हर्सिटीतले समाजशास्त्रज्ञ काई एरिक्सन यांनी तिथल्या लोकांशी बोलून १९७६मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. अशा वेळी जखमा दोन होतात. एक प्रत्येकाच्या मनाला, दुसरी माणसामाणसांतल्या नात्याला. घर मिळालं, पण हाक मारली तर ओ देणारं ओळखीचं कुणी उरलं नाही. मग पहिली जखम तरी कशी भरणार?

आता आपल्याकडे या. १९ जुलै २०२३ची रात्र. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकर समाजाची, गाडीरस्ता नसलेली. मदत करणाऱ्यांनाही डोंगर चढूनच जावं लागलं. २७ मृतदेह मिळाले. २३ जुलैला शोध थांबला, तेव्हा ५७ माणसं बेपत्ताच होती. ज्यांचं शेवटचं दर्शनही झालं नाही, त्यांच्यासाठी रडायचं तरी कसं?

अशा माणसाला केबिनमध्ये बसवून ‘तुम्हाला कसं वाटतंय?’ विचारलं, तर तो कदाचित गप्पच बसेल. दुःख त्याच्या एकट्याचं नाहीच, अख्ख्या वाडीचं आहे. तिथे काउन्सेलरने खुर्ची सोडून ओट्यावर बसावं, आधी पावसापाण्याचं बोलावं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारावं. औषध नको असं नाही, पण आधी विश्वास हवा.

एक गोष्ट मात्र इथे वेगळी घडली. वाचलेली कुटुंबं चौकजवळ कंटेनरमध्ये राहिली, ती एकत्र. पुढे सिडकोने त्यांच्यासाठी वसाहत बांधली, तीही एकत्रच. डोंगर सुटला, शेजार राहिला. बफेलो क्रीकच्या नशिबात हे नव्हतं.

आणि आपण? वीकएण्डला गडाखालच्या घरात पिठलं-भाकरी खातो, फोटो काढतो, निघतो. पुढच्या वेळी जरा टेकून बसा. सल्ला देऊ नका बरं का, नुसतं ऐका!

हे लक्षात ठेवा : ‘टेली-मानस’ ही सरकारी मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. मन जड झालं तर १४४१६ फिरवा. मराठीतही बोलता येतं.