न आलेल्यांची गणती

वस्तीतल्या नाट्यशिबिराचा अहवाल कसा असतो, हे अशा कामाशी संबंध आलेल्या कुणालाही ठाऊक आहे. किती मुलं आली, किती तालमी झाल्या, प्रयोगाला पाहुणे कोण होते, आणि सोबत हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. निधीचा पुढचा हप्ता अडकू नये म्हणून शिबिर संपल्यावर तो घाईने लिहिला जातो. त्यात खोटं काही नसतं. पण कलेमुळे त्या मुलांचं काय बदललं, हे त्यातून कळत नाही. शिबिर सुरू होण्याआधी तो प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

१९९७ साली ब्रिटनमध्ये फ्रान्स्वा मातारासो यांनी लोकसहभागी कलाप्रकल्पांचे ५० सामाजिक परिणाम मांडले. कलेला निधी मागणाऱ्यांच्या हाती त्यामुळे एक दस्तऐवज आला. पुढे २००२ मध्ये पाओला मेर्ली यांनी त्याच्या पद्धतीवर कठोर टीका केली: सहभागींची आधीची स्थिती नोंदलेली नाही, तुलनेला दुसरा गट नाही, मग बदल झाला हे कशावरून म्हणायचं? मला ही टीका पटते. प्रकल्प आवडला म्हणणं आणि प्रकल्पाने माणूस बदलणं यांत अंतर आहे.

तुलनेला दुसरा गट घेऊन झालेल्या अभ्यासाचं व्हेनेझुएलातलं उदाहरण मात्र सविस्तर सांगायला हवं. होसे आंतोनियो आब्रेउ यांनी १९७५ मध्ये तिथे ‘एल सिस्तेमा’ ही संस्था सुरू केली. वाद्यवृंदाच्या शिक्षणातून गरीब मुलांना उभं करायचं, हे तिचं जाहीर उद्दिष्ट. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी १६ केंद्रांतल्या २,९१४ मुलांचा अभ्यास केला. सोडत काढून काही मुलांना आधी प्रवेश दिला, काहींना वर्षभराने, आणि दोन्ही गटांची तुलना केली. आत्मसंयम थोडा वाढला, वर्तनाच्या तक्रारी थोड्या घटल्या; हिंसा जवळून पाहिलेल्या मुलग्यांत हा फरक जास्त दिसला. तपासलेल्या इतर अनेक गोष्टींत एकूण मुलांमध्ये परिणाम आढळला नाही. मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच नोंद: अभ्यासातल्या मुलांमध्ये गरिबीचं प्रमाण १६.७ टक्के होतं, तर ती राहत होती त्या राज्यांत ४६.५ टक्के. ज्यांच्या नावाने संस्था उभी राहिली, त्यांतली बरीच मुलं दारापर्यंत पोचलीच नव्हती. आलेल्यांचीच हजेरी मोजत बसलं असतं, तर हे कधीच उघड झालं नसतं.

अशा मोठ्या अभ्यासाचा खर्च छोट्या संस्थेला झेपणार नाही, आणि गरजही नाही. १९९०च्या दशकात रिक डेव्हिस यांनी बांगलादेशातल्या ग्रामीण कामासाठी एक साधी रीत बसवली. ठरावीक काळाने लोकांना विचारायचं, गेल्या काही महिन्यांतला सर्वांत मोठा बदल कोणता? आलेल्या हकिगतींतून एक निवडायची, आणि तीच का निवडली, हेही लिहून ठेवायचं.

आपल्याकडे ठाण्यात रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्था यांनी वस्त्यांतल्या मुलांचा नाट्यजल्लोष उभा केला. मुलं स्वतःच्या जगण्यातलेच विषय रंगमंचावर आणू लागली. असं काम नव्याने करणाऱ्यांनी पहिल्या तालमीआधी गल्लीगल्लीत फिरून त्या वयाच्या सगळ्या मुलांची यादी करावी. कोण आलं, कोण नाही आणि का: धाकट्या भावंडाला सांभाळायचं होतं, तालमीच्या वेळीच नळाला पाणी येत होतं, की मुलीने नाचायचं नाही असं घरातून बजावलं होतं? यातली निम्मी कारणं वेळ किंवा जागा बदलून सुटू शकतात. पण ती शिबिर चालू असताना कळली, तरच. मधूनच गळालेल्या मुलाच्या घरी त्याच आठवड्यात जावं. प्रश्न विचारणारी व्यक्ती दिग्दर्शक नसावी, कारण ज्या दादाने किंवा ताईने नाटक बसवलं, त्यांना मुलं ‘लय भारी वाटलं’ एवढंच सांगतात. आणि वर्षभराने त्याच घरांत पुन्हा जाणाऱ्या कार्यकर्त्याचं मानधन पहिल्याच अंदाजपत्रकात, दिवे आणि वेशभूषा यांच्या खर्चाबरोबर मांडावं. देणगीदाराने ती ओळ खोडली, तर ती पुन्हा लिहून पाठवावी.