स्फोटाचं इंजिन आणि संगणकाची वीण

मंडळी, इंचाला किती पीक बसतात यावर कापडाची प्रत ठरते, हे भिवंडीत कुणाला सांगायला नको. आजचा विषय त्याच विणीवरून समजून घेऊ.

साध्या जेट इंजिनात ज्योत ध्वनीपेक्षा हळू सरकते. डेटोनेशन इंजिनात आघातलहर पुढे धावते आणि ज्वलन तिला चिकटून येतं. हायड्रोजन-हवेच्या मिश्रणात सेकंदाला सुमारे २ किलोमीटर! अशा इंजिनावर वैमानिकासह एक छोटं विमान २००८ साली अमेरिकेत मोहावेला काही सेकंद उडालं.

संगणकावर ही लहर पाहायची, तर जागेचे बारीक खण पाडावे लागतात. खणाची बाजू निम्मी केली, की खण ८ पट होतात आणि वेळेची पावलं दुप्पट. म्हणजे काम १६ पट. मग वीण जाड ठेवण्याचा मोह होतो. पण तसं केलं, तर दर पावलाला एक खण पुढे जाणारी खोटी लहर उमटू शकते, हे कोलेला, मज्दा आणि रॉयटबर्ड यांनी १९८६ साली दाखवलं. चित्र देखणं, पण निसर्गात नसलेलं.

आम्ही तत्त्वज्ञानवाले विचारतो, ‘हे कशावरून?’ इथं उत्तर सरळ आहे: वीण बारीक करून पुन्हा पाहा, प्रयोगाशी ताडा. वीण बदलताच उत्तर बदललं, तर ते विणीचं होतं, लहरीचं नव्हे.