पत्ता, वाट आणि कोंडी : संगणक-जालांतील मार्गनिर्धारणाची मूलतत्त्वे

वाई हे सातारा जिल्ह्यातील गाव. परंतु त्याच्या पिनकोडाचे (४१२८०३) पहिले तीन अंक सातारा शहराच्या (४१५००१) अंकांशी जुळत नाहीत, ते पुण्याच्या आसपासच्या गावांशी जुळतात. उलटपक्षी, विटा (४१५३११) आणि ईश्वरपूर (४१५४०९) ही सांगली जिल्ह्यातील गावे असूनही त्यांच्या क्रमांकांचा आरंभ साताऱ्याप्रमाणे ४१५ नेच होतो. सह्याद्रीपलीकडील रत्नागिरीचाही (४१५६१२) आरंभ तोच आहे. खुद्द सांगलीचा क्रमांक (४१६४१६) मात्र कोल्हापूरच्या गटात पडतो. प्रथमदर्शनी ही विसंगती वाटेल. वस्तुतः तिच्यात एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. टपालाचा क्रमांक गाव कोणाच्या अंमलाखाली आहे हे सांगत नाही. पत्र कोणत्या वाटेने न्यावयाचे हे तो सांगतो. संगणक-जालांतील मार्गनिर्धारणाचा विचार याच तत्त्वापासून सुरू करणे सोयीचे होईल.

पिनकोडाची पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी होते, तसेच ते संस्कृतचे पंडित व कवी होते. या पद्धतीत पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा दाखवितात आणि शेवटचे तीन विशिष्ट टपाल कार्यालय दाखवितात. गुवाहाटीस पत्रे निवडणाऱ्या मनुष्यास विटे कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ‘४’ हा अंक त्यास पुरे होतो. पत्र जसजसे जवळ येते, तसतसा पुढचा पुढचा अंक अर्थपूर्ण होत जातो. संपूर्ण वाट कोणासच ठाऊक नसते. प्रत्येक ठाण्याने केवळ पुढचे पाऊल ठरवावयाचे असते.

संगणक-जालाची रचना अशीच आहे. पाठवावयाचा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो व प्रत्येक तुकड्यावर पत्ता घातला जातो. या तुकड्यास ‘पॅकेट’ हे नाव इंग्लंडमधील डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात दिले. इतर भाषांतही सहज रुळेल असा शब्द हवा म्हणून त्यांनी एका भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. मराठीपुरता तरी तो सल्ला योग्य ठरला, कारण ‘पाकीट’ आपल्याकडे आधीच घरचे झालेले होते. वाटेतील ज्या यंत्रावर पाकिटाची पुढची दिशा ठरते, त्यास राउटर म्हणतात.

येथे नाव आणि पत्ता यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. नाव वस्तूची ओळख सांगते, पत्ता तिचे स्थान सांगतो. इस्लामपूरचे ‘ईश्वरपूर’ करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. तेवढ्याने पत्राची वाट बदलण्याचे कारण नव्हते. संगणक-जालातही माणसांसाठी नावे असतात आणि यंत्रांसाठी अंक असतात. नावावरून अंक शोधण्याची व्यवस्था वेगळी ठेवलेली आहे, ती याचसाठी.

आता राउटरच्या कोष्टकाकडे वळू. समजा, एका ठाण्यावरील कोष्टकात दोन नियम आहेत : ‘४१५ ने आरंभ होणारे सर्व टपाल कराडकडे’ आणि ‘४१५६ ने आरंभ होणारे घाटाखाली’. ४१५६१२ या क्रमांकास दोन्ही नियम लागू पडतात. मग कोणता मानावा? संगणक-जालातील उत्तर असे की, पत्त्याचा अधिक लांब आरंभ ज्या नियमाशी जुळतो तो बलवान. व्याकरणाच्या अभ्यासकास हे अपरिचित वाटू नये. पाणिनीय परंपरेतील उत्सर्ग आणि अपवाद यांचा संबंध हाच आहे : सामान्य नियम सर्वत्र प्रवर्ततो, विशेष नियम आपल्या क्षेत्रापुरता त्याचा बाध करतो. या व्यवस्थेमुळे थोड्या नियमांत पुष्कळ पत्ते सामावतात. इंटरनेटवरील कोष्टके आवरेनाशी होऊ लागली, तेव्हा १९९३ मध्ये पत्त्यांचे आरंभ हवे तेवढे लांब अथवा आखूड धरण्याची मुभा देऊन ती आटोपशीर ठेवण्यात आली.

कोष्टक भरावयाचे कसे, हा पुढचा प्रश्न होय. याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक राउटर केवळ शेजाऱ्याचे ऐकतो. सांगलीस जाणारी वाट पेठ नाक्यावरून ईश्वरपूर व आष्टा अशी आहे. आष्टा सांगते, ‘सांगली माझ्यापासून एक टप्पा’. त्यावरून ईश्वरपूर स्वतःसाठी दोन टप्पे लिहून ठेवते. आता पुराने आष्टा-सांगली वाट तुटली असे समजा. आष्ट्यास ईश्वरपूरकडून ऐकू येते की, ‘सांगली माझ्यापासून दोन टप्पे’. ती वाट आपल्यावरूनच जात होती हे आष्ट्यास ठाऊक नसते, म्हणून ते तीन लिहिते. मग ईश्वरपूर चार लिहिते, आणि आकडा वाढतच जातो. या ऐकीव माहितीस आळा म्हणून अशा एका जुन्या पद्धतीत सोळा टप्पे म्हणजे ‘अप्राप्य’ असे ठरविलेले आहे. दुसऱ्या मार्गात प्रत्येक राउटर आपल्या जोडण्यांची वार्ता सर्वांस कळवितो, प्रत्येकाजवळ पूर्ण नकाशा तयार होतो आणि डच गणिती एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने सर्वांत कमी खर्चाची वाट काढली जाते. असा नकाशा असेल तर कराडहून विटा-तासगावमार्गे वळसा घेता येईल हे तत्काळ कळते. अर्थात, वळसा कळावयास तो मुळात अस्तित्वात असावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद राहिला, तेव्हा एकाच वाटेवर विसंबण्याचे मोल या भागाने अनुभवले.

वाट शाबूत असली तरी कोंडी व्हावयाची राहत नाही. येणारी पाकिटे जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाली की ती रांगेत थांबतात. रांग भरली की पुढची टाकून दिली जातात. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे, सुमारे ४०० यार्डांवरील दोन संस्थांमधील वहन सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरले. हरवलेली पाकिटे जो तो पुन्हा पाठवीत होता व त्यायोगे कोंडी वाढवीत होता. व्हॅन जेकबसन यांनी यावर जो उपाय १९८८ मध्ये मांडला, तो पाठविणाऱ्याच्या संयमाचा होता : आरंभ थोड्याने करावा, पोच मिळेल तसा वेग वाढवावा, पाकीट हरवले की वेग झटकन उतरवावा.

रांग लांब केल्याने प्रश्न सुटेल, हा समज चुकीचा आहे. कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ अब्ज घनफूट आहे. परंतु कोणत्याही जलाशयाचा पूर शोषण्यास उपयोग होतो, तो त्यात रिकामी जागा असेपर्यंतच. सदैव भरलेली रांग पाकिटांस वाचवीत नाही, ती त्यांस केवळ उशीर करते. आणि पाकीट हरवल्याची सूचना उशिरा पोहोचल्याने पाठविणाराही उशिरा सावध होतो.

सारांश, या साऱ्या व्यवस्थेस सर्वज्ञ नियंत्रकाची आवश्यकता नाही. पत्ता वाटेशी प्रामाणिक असावा, सामान्य नियमाच्या पोटात अपवादास जागा असावी, एक वाट तुटल्यास दुसरी असावी, आणि पाठविणाऱ्याने इतरांच्या पाकिटांचे भान ठेवावे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी रचनेने साधता येतात. चौथी मात्र प्रत्येक पाठविणाऱ्याने स्वतः पाळावी लागते, आणि ती सुटली तर पहिल्या तिन्ही असूनही जाल ठप्प होते.