प्रदूषक वायू आणि वायुकोशांतील भक्षकपेशी

श्वासावाटे फुप्फुसांत जाणारी हवा सर्वस्वी निर्मळ कधीच नसते. तिच्याबरोबर धूलिकण व सूक्ष्म जंतू आत शिरतात. मोठे कण नाकात व श्वासनलिकांतील श्लेष्म्यात अडकतात. त्यातून सुटून जे वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यांचा समाचार तेथील भक्षकपेशी घेतात. जंतूंना गिळून नष्ट करणे आणि दाहाला आवर घालणे, अशी दोन्ही कामे या पेशींकडे असतात. काही प्रदूषक वायूंमुळे ही दोन्ही कामे बिघडतात.

कोणता वायू कोठवर पोचेल हे मुख्यतः त्याच्या जलविद्राव्यतेवर अवलंबून असते. सल्फर डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो. त्यामुळे शांत श्वसनात त्याचा बहुतेक भाग नाकातच शोषला जातो. ओझोन व नायट्रोजन डायऑक्साइड हे अल्पविद्राव्य असल्याने खोलवर जातात. तथापि ओझोनचा रेणू प्रत्यक्ष पेशीपर्यंत बहुधा पोचत नाही. वायुकोशांच्या अस्तरावरील द्रवाच्या पातळ थरात जे स्निग्ध पदार्थ असतात, त्यांच्याशी त्याची तत्काळ विक्रिया होऊन अल्डिहाइडे, हायड्रोजन पेरॉक्साइड इत्यादी पदार्थ निर्माण होतात. पेशींना इजा होते ती प्रायः या दुय्यम पदार्थांमुळे.

या इजेचे स्वरूप दुहेरी आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, हवेच्या दहा लक्ष भागांत ०.०८ व ०.१० भाग ओझोन असताना, निरोगी स्वयंसेवकांनी मध्यम व्यायाम करीत ६.६ तास श्वसन केले. नंतर त्यांच्या फुप्फुसांच्या प्रक्षालनातून मिळालेल्या द्रवात न्यूट्रोफिल या श्वेतपेशींची संख्या वाढलेली आढळली. उलट भक्षकपेशींची गिळण्याची क्षमता मात्र घटलेली दिसली. म्हणजे दाह वाढला, पण संरक्षण दुबळे झाले. अशा दुबळेपणाची परिणती काय होते, हे उंदरांवरील प्रयोगांतून कळते. ओझोन किंवा नायट्रोजन डायऑक्साइड हुंगविल्यानंतर त्यांना स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग दिला असता, स्वच्छ हवेतील उंदरांपेक्षा त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले.

वरील प्रयोगातील ०.०८ भाग म्हणजे घनमीटरमागे सुमारे १६० मायक्रोग्रॅम ओझोन होय. भारताच्या २००९ च्या मानकांत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यांत ओझोनची आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम ठरविली आहे, तिचे मर्म यावरून ध्यानात येते. खोकला किंवा धाप नाही एवढ्यावरून हवा निर्धोक मानणे युक्त नव्हे. भक्षकपेशींची हानी अशा लक्षणांवाचूनही होऊ शकते.